दोन नावे, चार पुस्तके : एका कवयित्रीचे साहित्य पुन्हा छापतानाचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या लेखिका कविता आणि कथा-कादंबरी दोन्ही लिहीत. जन्म १९४०च्या दशकातला, तळकोकणातला. नोकरी माध्यमिक शाळेत मराठी शिकवण्याची. विद्यार्थ्यांपासून प्रकाशकांपर्यंत सगळे त्यांना 'बाई' म्हणतात, म्हणून इथेही बाईच. ओळख पटू नये यासाठी पुस्तकांची, गावाची आणि प्रकाशकांची नावे गाळली आहेत. काही वर्षे एक-दोनने मागेपुढे केली आहेत.

बाईंच्या कविता १९६३ पासून मासिकांत येऊ लागल्या, माहेरच्या नावाने. १९६८ मध्ये पुण्याच्या एका छोट्या प्रकाशकाने पहिला संग्रह काढला. आवृत्ती अकराशे प्रतींची, म्हणजे हजार विक्रीच्या आणि शंभर भेट-अभिप्रायाच्या. १९७० मध्ये लग्न झाले. १९७६ची कादंबरी मुंबईच्या प्रकाशकाकडून आली ती सासरच्या नावाने. कारण अगदी साधे होते. शाळेच्या सेवापुस्तकात नाव बदलले होते, पत्रव्यवहार त्याच नावाने चालायचा, आणि हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर बाईंनी तेच लिहिले. १९८१चा दुसरा कवितासंग्रह आणि १९८६चा कथासंग्रहही सासरच्याच नावाने निघाले.

चिं. त्र्यं. खानोलकरांनी कवितेसाठी 'आरती प्रभू' आणि गद्यासाठी स्वतःचे नाव ठेवले होते, पण तिथे दोन्ही नावांमागचा माणूस एकच हे वाचकाला ठाऊक होते. बाईंच्या बाबतीत कोणी काही ठरवलेच नाही. पहिल्या संग्रहाच्या वाचकांना वाटले ही कवयित्री एका पुस्तकानंतर लिहायची थांबली. कादंबरीच्या वाचकांना त्या कवयित्री आहेत याचा पत्ताच नव्हता.

१९८२ मध्ये 'सत्यकथा' मासिक बंद पडले आणि बाईंच्या कवितेचे छापील घर गेले. धुळ्याहून 'कवितारती' हे कवितेचे नियतकालिक १९८५ पासून निघू लागले, तोवर त्या कथेकडे वळल्या होत्या. नंतरची वीस वर्षे दरसाल एक-दोन कथा दिवाळी अंकांत येत राहिल्या. पुस्तक मात्र १९८६ नंतर झाले नाही.

अडचण कशी उभी राहिली

२०१६ मध्ये एका विद्यापीठाच्या अभ्यासमंडळात पहिल्या संग्रहातल्या कविता पदव्युत्तर अभ्यासक्रमाला लावायची सूचना आली. पुस्तक बाजारात मिळत नाही म्हणून ती बाजूला पडली. बाईंची मुलगी आणि एक जुना विद्यार्थी (आता महाविद्यालयात प्राध्यापक) यांनी तेव्हा काम हाती घेतले. बाई त्या वेळी पंचाहत्तरीच्या आसपास होत्या. तब्येत ठीक, स्मरण चांगले.

चारही पुस्तके संपलेली होती. पहिला प्रकाशक १९९१ मध्ये वारला आणि त्याच्यासोबत व्यवसायही मिटला. दुसऱ्याचा व्यवसाय त्याच्या पुतण्याकडे आलेला. सुरुवातीला सगळ्यांचा समज एकच होता : खरी गाठ हक्कांची आहे, ती सुटली की छपाई दोन महिन्यांचे काम. घडले उलटेच. हक्कांचे प्रकरण आठ महिन्यांत मिटले. कवितांचा पाठ, म्हणजे छापायचा नेमका मजकूर, ठरवायला पावणेदोन वर्षे लागली.

कागदपत्रे

घरात एका जुन्या फायलीत चार पुस्तकांचे चार प्रकारचे कागद निघाले.

पहिल्या संग्रहाचे नुसते एक आंतर्देशीय पत्र होते : 'विक्रीवर दहा टक्के मानधन, वर्षअखेर हिशेब.' सही प्रकाशकाची. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९(१) प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते आणि त्यावर हक्क देणाऱ्याची सही लागते. या पत्रावर बाईंची सहीच नाही. म्हणजे हक्क त्यांच्याकडून कधी गेलेच नव्हते; फार तर त्या आवृत्तीपुरती परवानगी दिलेली. तरीही प्रकाशकाच्या मुलाकडून 'आमचा कोणताही दावा नाही' असे दोन ओळींचे पत्र घेतले, कारण नवा प्रकाशक कायद्याचे कलम वाचत बसत नाही, तो कागद मागतो.

कादंबरीचा कागद वाईट होता. रसीद तिकिटावर बाईंची सही, आणि मजकूर : 'सदर कादंबरीचे सर्व हक्क कायमचे रु. ७५० रोख घेऊन दिले.' इथे बऱ्याच जणांची होते तीच चूक व्हायची होती. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचे धरावे, असे कलम १९(५) सांगते. कोणीतरी हे वाचले आणि हक्क १९८१ मध्येच परत आले असे सगळ्यांना वाटले. पण ही तरतूद १९९४च्या दुरुस्तीने आली, आणि त्याआधीच्या हस्तांतरणांना ती लागू नाही असे त्याच कलमाचे उपकलम (७) स्पष्ट म्हणते. शिवाय इथे मुदत न लिहिण्याचा प्रश्नच नव्हता, 'कायमचे' असे लिहिलेलेच होते. वकिलाने वेळीच दाखवून दिले म्हणून बरे. नाहीतर पुस्तक छापून झाल्यावर नोटीस आली असती.

उरलेल्या दोन पुस्तकांचे छापील करार होते, दोन्ही पक्षांच्या सह्यांचे : एका आवृत्तीपुरता हक्क, साठा संपल्यावर सहा महिन्यांत प्रकाशकाने विचारले तर पुढच्या आवृत्तीला पहिला मान त्याचा. साठा कधीच संपला होता. रजिस्टर्ड पत्र पाठवले, 'रस नाही' असे उत्तर आले, काम झाले.

दिवाळी अंकांतल्या कथांबद्दल घरच्यांना उगाच भीती होती. बाहेरच्या लेखकाने अंकाला कथा दिली आणि हक्क लिहून दिले नाहीत, तर ते लेखकाकडेच राहतात. तिथली अडचण कथा सापडण्याची होती, तिच्याकडे नंतर येऊ.

कादंबरीचे हक्क परत घेणे

रस्ते तीन होते. हक्क ताब्यात असून पुस्तक उपलब्ध ठेवत नाही म्हणून कायदेशीर दाद मागणे. जुन्याच प्रकाशकाला पुनर्मुद्रण करायला सांगणे. किंवा हक्क विकत घेणे. पहिला रस्ता वकिलानेच नको म्हटला. जुन्या करारावर ती दाद कितपत टिकेल हा वाद होताच, शिवाय कॉपीराइट मंडळाचे काम तेव्हा ठप्प होते. २०१७ मध्ये ते बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेले आणि तेही २०२१ मध्ये बरखास्त झाले. दुसऱ्या रस्त्याला पुतण्याचे उत्तर होते, 'आम्ही आता फक्त स्पर्धा परीक्षांची पुस्तके काढतो.'

हक्क विकत घ्यायचे ठरले आणि पहिले पाऊल चुकले. पहिले पत्र वकिलाच्या लेटरहेडवर, नोटिशीच्या भाषेत गेले. पुतण्याला त्या कादंबरीचे काही पडलेले नव्हते. पण नोटीस आली म्हणजे या पुस्तकात पैसा असणार, असे त्याने धरले आणि चार महिने गप्प बसला. मग प्राध्यापक स्वतः जाऊन भेटले, जुनी प्रत दाखवली, आणि दहा हजार रुपयांवर गोष्ट आली. पुतण्याला नाटक-चित्रपटाचे हक्क स्वतःकडे ठेवायचे होते. तिथे आणखी पाच हजार देऊन तेही सोडवले. ही रक्कम मुलीला जड वाटली, पण निर्णय योग्य होता. अर्धे हक्क परत घेतलेली कादंबरी पुढे अनुवाद, श्राव्य पुस्तक किंवा मालिका अशा प्रत्येक वळणावर पुन्हा त्याच दारात नेते. करारात म्हणूनच छापील, डिजिटल, श्राव्य, अनुवाद, नाट्य आणि चित्रपट असे सगळे प्रकार एकेक करून लिहिले.

काय छापायचे

मुलीच्या मनात 'समग्र' होते : चारही पुस्तके आणि असंग्रहित कथा, नऊशे-हजार पाने, कापडी बांधणी. समग्र ग्रंथ सत्काराला शोभतो आणि कपाटात चांगला दिसतो. विकत घेऊन वाचणारा विरळा. किंमत हजाराच्या पुढे जाते, आणि कवितेसाठी आलेल्या वाचकाला कादंबरीचेही पैसे मोजावे लागतात. सगळे पुस्तक स्कॅन करून फुकट टाकावे, असे एका नातेवाइकाचे म्हणणे होते. तसे केले असते तर अशुद्ध पाठच कायमचा पसरला असता. मागणीनुसार छपाईने स्वतःच प्रकाशन करायचाही विचार झाला. पण वितरकाशिवाय पुस्तक दुकानात जात नाही, आणि ग्रंथालयांना पुस्तके पुरवणारे विक्रेते एकट्या लेखकाशी व्यवहार करायला नाखूश असतात.

अखेर ठरले ते असे : दोन्ही संग्रहांतल्या सर्व कविता एका पुस्तकात, कादंबरी वेगळी, कथा नंतर. मध्यम आकाराच्या एका प्रकाशकाने कादंबरीसाठी होकार दिला, आणि ती मिळते आहे म्हणून कविताही घेतल्या. कविता आधी दाखवल्या असत्या तर बहुधा नकार आला असता.

पाठ ठरवताना

कविता एकूण ११८. प्रत्येकीचे दोन-तीन छापील पाठ : मासिकातला, संग्रहातला, आणि बाईंनी स्वतःच्या प्रतीत पेन्सिलने दुरुस्त केलेला.

जुनी पाने स्कॅन करून यंत्राकडून अक्षरे वाचून घेतली. पुस्तक खिळ्यांवर (शिशाच्या सुट्या अक्षरांवर) छापलेले, काही खिळे झिजलेले. 'ब' आणि 'व', 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल सर्रास झाली. ती मुद्रितशोधनात पकडता येते, कारण शब्द निरर्थक होतो. पकडता येत नाही ती चूक वेगळी. संगणकावर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेताना 'दऱ्या'चे 'दर्या' झाले. कविता कोकणातली, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. दोन्ही शब्द त्या ओळीत खपतात. दोन मुद्रितशोधकांच्या हातून ती ओळ निसटली. शेवटी मूळ पान शेजारी धरून वाचताना सापडली. तेव्हापासून एकाने मूळ पान मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने नवे पान पाहायचे, हीच पद्धत ठेवली. वेळ दुप्पट लागतो, पण कवितेला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट पानाच्या तळाशी लपलेली असते. मुक्तछंदातल्या कवितेचे कडवे पान संपते तिथेच संपले, की पुढच्या पानावर चालू राहिले, हे छापील पुस्तक सांगत नाही. नव्या पुस्तकात पाने वेगळ्या ठिकाणी तुटतात, म्हणून निर्णय घ्यावाच लागतो. अशा एकोणीस जागा निघाल्या. अकरा मासिकांतल्या पाठावरून सुटल्या, बाकीच्या बाईंना विचारून.

लेखनपद्धतीवर सर्वाधिक वाद झाला. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ पासूनचे, पण पुण्यातल्या त्या छापखान्याने १९६८ मध्येही जुने अनुस्वार ठेवले होते. केशवसुतांपासूनचे पद्य नव्या नियमांनी छापावे असे महामंडळ सांगते, आणि वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीकही देते. त्याप्रमाणे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढायचे ठरले. अक्षरजुळणी करणाऱ्याने ते एका झटक्यात शोधा-आणि-बदला करून काढले आणि बोलीतले 'केलं', 'घरं', 'पाखरं' यांवरचे उच्चारातले अनुस्वारही उडवले. ती फाइल टाकून द्यावी लागली.

हाताने करतानाही एक पेच राहिला. जुन्या पद्धतीत एका घराच्या आतही 'घरांत' आणि अनेक घरांच्या आतही 'घरांत' लिहीत. नव्या पद्धतीत 'घरात' की 'घरांत' हे ठरवावे लागते, म्हणजे कवितेत दिवा एका घरात लागला की सगळ्या वाडीत, याचा निकाल संपादकाने द्यायचा. बाई हयात होत्या म्हणून विचारता आले. दोन ठिकाणी त्यांनाही आठवेना. तिथे जुनेच रूप ठेवून तळटीप दिली.

वृत्तातल्या कवितांत 'गति', 'रीति' असे शब्द तसेच ठेवले. मात्रावृत्तात 'गति'च्या दोन मात्रा, 'गती'च्या तीन. नियमाप्रमाणे दीर्घ केले तर ओळ अडखळते. मुक्तछंदात मात्र 'गती' केले. एकाच पुस्तकात दोन रूपे पाहून काही वाचकांना ती चूक वाटली. निवेदनात एक परिच्छेद घालूनही. निवेदन कोण वाचतो!

सर्वांत नाजूक भाग बाईंच्या पेन्सिलचा होता. काही दुरुस्त्या १९७०च्या दशकातल्या, शब्द कमी करणाऱ्या, उत्तम. काही काम सुरू झाल्यावरच्या, आणि त्यांत तरुणपणीच्या धीट ओळी सौम्य केलेल्या. लेखिकेला आपला मजकूर बदलायचा अधिकार आहे यात वादच नाही; पण वाचक ज्या कवितेसाठी तो संग्रह शोधत होता तीच राहिली नसती. प्राध्यापकांनी सुचवलेली तडजोड बाईंनी तीन आठवड्यांनी मान्य केली : १९८१च्या आधीच्या दुरुस्त्या मूळ पाठात, नंतरच्या सगळ्या परिशिष्टात, पान क्रमांकासह. १९८१ ही रेघ दुसऱ्या संग्रहामुळे निवडली. ती थोडी मनमानी आहे, आणि दोन चांगल्या दुरुस्त्या तिच्यामुळे परिशिष्टात पडल्या.

कादंबरीत एवढा त्रास नव्हता. फक्त १९७६च्या मुद्रितशोधकाने मालवणी संवाद अर्धेमुर्धे प्रमाण मराठीत ओढले होते. हस्तलिखिताची सुमारे दोन-तृतीयांश पाने मिळाली, तेवढे संवाद मूळ रूपात आणले. बाकीचे बाईंनी स्वतः वाचून दुरुस्त केले.

पहिल्या संग्रहाची प्रस्तावना एका दिवंगत समीक्षकाची होती. तिचे हक्क वेगळे, तीन वारसांकडे. दोघांनी संमती दिली, तिसऱ्याचा पत्ता लागला नाही. प्रस्तावना वगळली.

नाव कोणते

प्रकाशकाला कादंबरीचे, म्हणजे सासरचे नाव हवे होते. बाईंना माहेरचे. दोन्ही नावे जोडून छापायचा तिसरा पर्याय मुखपृष्ठावर तीन ओळी खात होता. शेवटी दोन्ही पुस्तकांवर माहेरचे नाव आले आणि सासरच्या नावाची नोंद आतल्या पानावर, तपशिलाच्या चौकटीत बारीक अक्षरांत.

निष्पत्ती

कवितांचे पुस्तक जानेवारी २०१९ मध्ये आले : २०८ पाने, सोळा पानी तेरा फॉर्म (छपाईचे ताव), पाचशे प्रती, दहा टक्के मानधन. कादंबरी त्याच वर्षी नोव्हेंबरात, सातशे प्रती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दुकानांतल्या बऱ्याच प्रती वितरकाकडे परत आल्या. तरीही कादंबरीची आवृत्ती २०२१ च्या अखेरीस संपली. कवितांच्या निम्म्याहून थोड्या जास्त प्रती गेल्या, त्यांतल्या बऱ्याच अभ्यासक्रमामुळे; अभ्यासक्रमाच्या पुढच्या फेररचनेत आठ कविता लागल्या.

कथांचे काम अपुरे आहे. बाईंच्या वहीत सदतीस कथांची नोंद आहे, चोवीस मिळाल्या. बहुतेक ग्रंथालये दिवाळी अंक काही वर्षांनी रद्दीत काढतात. जे मिळाले ते मुंबई आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयांत आणि दोन खासगी संग्रहांत. वहीत अंकाचे नाव आहे पण वर्ष नाही, अशा नोंदींनी सर्वाधिक वेळ खाल्ला.

वेगळे काय करता आले असते

नावाचा निर्णय घाईत झाला. माहेरचे नाव घेणे ठीक, पण कादंबरीच्या मुखपृष्ठावर सासरच्या नावाची एक ओळ हवी होती. जुना वाचक दुकानात सासरचे नाव सांगायचा आणि विक्रेता 'संपलंय' म्हणायचा. ग्रंथालयांच्या सूचीत दोन्ही नावे 'पाहा' नोंदीने (एका नावाखाली दुसरे पाहायला सांगणाऱ्या) जोडावीत, अशी पत्रे प्रकाशनानंतर वर्षाने गेली. ती पुस्तकाच्या पहिल्या प्रतीसोबतच जायला हवी होती.

नोटिशीचे पत्र टाळता आले असते, आणि त्यासोबत चार महिने व काही हजार रुपयेही.

प्रस्तावना एवढ्या सहजी सोडायला नको होती. तिसऱ्या वारसाचा शोध पुस्तक छापायला जाण्याच्या महिनाभर आधी सुरू झाला. हक्कांच्या फायलीसोबतच सुरू केला असता तर दीड वर्ष हाताशी होते.

पाठाच्या कामात बाईंच्या आठवणीवर भिस्त होती, पण त्यांची उत्तरे फोनवर घेऊन कागदाच्या कपट्यांवर लिहिली गेली. काही कपटे हरवले, तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागले, आणि एका जागी उत्तर बदलले. तारखेसह ध्वनिमुद्रण करून एका तक्त्यात कविता, ओळ, प्रश्न, उत्तर असे मांडायला हवे होते. कथांसाठी आता तसे चालू आहे.

२०२२ मध्ये बाईंनी वह्या आणि पत्रे एका ग्रंथालयाला दिली. सोबतच्या पत्रात 'कागद दिले, हक्क नाहीत' हे स्पष्ट लिहून घेतले. मृत्युपत्राने अप्रकाशित हस्तलिखित कोणाला दिले आणि त्यात वेगळे काही म्हटले नाही, तर कलम २० प्रमाणे त्याच्यासोबत कॉपीराइटही जातो असे धरले जाते. म्हणून मृत्युपत्रातही घरात उरलेली हस्तलिखिते आणि हक्क अशी दोन स्वतंत्र कलमे घातली. हक्क मुलीच्या नावे, आणि कथांच्या पाठाबद्दल वाद झाला तर शब्द प्राध्यापकांचा.